दहावा कोण?

मागच्या वेळी आपण दृक् आणि दृश्य यांचा विवेक पाहिला. डोळा रूप पाहतो. डोळा मंद झालाय हे मनाला कळतं. आणि मन आज अस्वस्थ आहे, हेही ज्याला कळतं तो साक्षी. इथपर्यंत बहुतेकांना पटतं. मग प्रश्न येतो : "सर, समजलं. पण साक्षीचा अनुभव कधी येणार?"

या प्रश्नाला 14व्या शतकातल्या विद्यारण्यांनी 'पंचदशी'च्या सातव्या प्रकरणात, म्हणजे तृप्तिदीपात, एका गोष्टीच्या आधाराने उत्तर दिलंय. दहा जण नदी पार करतात. पैलतीरावर एक जण मोजतो, तर नऊच! स्वतःला मोजायचं राहिलेलं. दहावा बुडाला म्हणून तो कपाळ बडवून रडू लागतो. वाटसरू म्हणतो, "दहावा आहे." थोडा धीर येतो. मग तो पुन्हा मोजायला लावतो आणि सांगतो, "तो दहावा तूच."

यात विद्यारण्य सात अवस्था दाखवतात : अज्ञान, आवरण, विक्षेप, परोक्ष ज्ञान, अपरोक्ष ज्ञान, शोकाची निवृत्ती आणि तृप्ती. "दहावा आहे" हे परोक्ष, "मीच तो" हे अपरोक्ष. आता बघा, दुसऱ्या वाक्यानंतर नदीतून कोणी बाहेर आलं का? नाही. नवीन काही मिळालंच नाही, फक्त चूक गेली. साक्षीचा 'अनुभव' मागणं म्हणजे दहाव्याला नदीत शोधणं. ध्यानात प्रकाश दिसला, शांतता आली, तरी ती येते आणि जाते. ती आली आणि गेली हे ज्याला कळतं, ते कुठे गेलं होतं?

हे प्रकरण आम्ही तीसेक वर्षं वर्गात शिकवलं. चार वर्षांपूर्वी आमची पत्नी गेली, तेव्हा सगळं पाठ असूनही आम्ही नऊच मोजत होतो. सकाळी चहाला सवयीने दोन कप काढायचो. 'मी साक्षी आहे' असं बजावून रडू दाबायचा प्रयत्नही केला. ते काही ज्ञान नव्हतं. बजावत होतं ते मनच. पुढे एकदा लक्षात आलं, की ते बजावणं आणि तो हुंदका, दोन्ही सारख्याच सहजपणे जाणले जात होते. ते जाणणं आम्हाला कुठून आणावं लागलं नव्हतं.

मग दुःख संपलं का? विद्यारण्य इथे फार प्रामाणिक आहेत. ते म्हणतात, दहावा सापडल्यावर रडणं थांबतं, पण बडवून घेतलेल्या कपाळाची जखम भरायला महिना लागतो. ज्ञानानंतरही प्रारब्ध आपल्या गतीनेच ओसरतं. तेव्हा कोणी शोकात असेल, तर त्याला "तू देह नाहीस" असं ऐकवू नका. जखमेला वेळ द्या, स्वतःच्याही.

पुढच्या वेळेपर्यंत एवढंच करून पाहू. मन शांत असो वा बेचैन, ते बदलायच्या आधी क्षणभर विचारू : हे कुणाला कळतंय? उत्तर शब्दांत द्यायची घाई नको. मोजताना मोजणारा राहून जात नाही ना, एवढं पाहिलं तरी पुरे.