वाजवता येईना, म्हणून शिकवायला बसला?

वाद्यसंगीताच्या पदवीची चौकशी करण्यास जे पालक माझ्याकडे येतात त्यांपैकी निम्म्याहून अधिक जण, पाण्याचा पेला खाली ठेवता ठेवता, थोड्याफार फरकाने एकच शंका बोलून दाखवतात. गेल्या जूनमध्ये आलेले एक सद्गृहस्थ त्याला अपवाद नव्हते. मुलगा आठव्या वर्षापासून सतार वाजवतो, हात तयार आहे, गावच्या गणेशोत्सवात त्याचे दोन कार्यक्रमही झाले आहेत, तेव्हा वादनाची पदवी त्याने अवश्य घ्यावी. परंतु या अभ्यासक्रमात अध्यापनाचा जो भाग आहे त्यातून त्याला सूट मिळावी, अशी त्यांची विनंती होती. ‘‘सर, त्याला कलावंत करायचंय, मास्तर नाही. ज्याला वाजवता येत नाही तो शिकवतो, हे आपण जाणताच.’’ समोर बसलेला मनुष्य तीस वर्षे शिकवतो आहे हे ध्यानात आल्यावर त्यांनी शिष्टाचारास अनुसरून ‘‘आपली गोष्ट वेगळी’’ अशी पुस्ती जोडली, आणि मी चहा मागवला.

चहा येईपर्यंत जे सांगता आले नाही ते येथे सविस्तर मांडतो, कारण हा गैरसमज एकट्या त्या गृहस्थांचा नाही. तो शिकलेल्या घरांत, संगीताच्या वर्तुळांत, आणि सांगण्यास संकोच वाटतो, पण खुद्द संगीतशिक्षकांच्या खोलीतही मुरलेला आहे.

या उक्तीचे मूळ आपल्या परंपरेत शोधू जाल तर सापडणे कठीण, कारण शिकवणारा हा वाजवणाऱ्याहून खालच्या पायरीवर बसतो ही कल्पनाच आपल्याकडे परकी आहे. ती जगभर रूढ केली बर्नार्ड शॉने. १९०३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅन अँड सुपरमॅन’ या नाटकाला नायकाच्या नावावर खपवलेला एक सूत्रसंग्रह जोडलेला आहे, त्यात अशा आशयाचे एक वाक्य येते; म्हणजे ती एका बडबड्या पात्राची थट्टा आहे, संशोधनाचा निष्कर्ष नव्हे. आणि मौज अशी, की डब्लिनहून लंडनला आलेला हा तरुण शॉ जेव्हा एकामागून एक पाच कादंबऱ्या लिहीत होता आणि प्रकाशक त्या एकामागून एक नामंजूर करीत होते, तेव्हा त्या घराची चूल ज्या मिळकतीवर पेटत होती तीत त्याच्या आईच्या गायनाच्या शिकवण्यांचा हिस्सा होता. ज्या बाईच्या मास्तरकीवर हा गृहस्थ जेवला, तिच्याच व्यवसायावर त्याने केलेला विनोद आपण आज शंभर वर्षांनंतर मुलांच्या प्रवेशअर्जाच्या वेळी दाखला म्हणून पुढे करतो.

आता पुराव्याकडे वळू. अलाउद्दीन खाँ १९१८ च्या सुमारास मैहर संस्थानच्या दरबारी रुजू झाले, ते सरोदिये म्हणून. परंतु त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची यादी पाहा. सरोदवर पुत्र अली अकबर, सतारीवर रविशंकर आणि निखिल बॅनर्जी, सूरबहारवर कन्या अन्नपूर्णादेवी, बासरीवर पन्नालाल घोष, व्हायोलिनवर आपले वि. गो. जोग! जो केवळ वाजवतो तो फार तर आपल्यासारखेच वाजवणारा दुसरा घडवील. परंतु जे वाद्य आपल्या हातचे नाही त्यावर राग कसा उतरावा हे ज्याला सांगता येते, त्याने वादन नावाची क्रिया आतून उलगडून पाहिलेली असते. साथीच्या रोगात अनाथ झालेली मुले गोळा करून याच माणसाने मैहरचा वाद्यवृंद उभा केला, आणि बंदुकीच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ नावाचे वाद्य त्यांच्या हाती दिले. त्यांना वाजवता येत नव्हते म्हणून ते शिकवायला बसले, असे म्हणण्याची ज्याची छाती असेल त्याने खुशाल म्हणावे.

शिष्यांचाही कित्ता तोच. जोगांनी लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात अध्यापन केले. अन्नपूर्णादेवींनी जाहीर मैफली सोडल्या त्या सोडल्याच, परंतु मुंबईच्या घरात सूरबहार वाजवणाऱ्या या बाईंनी हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीला तालीम दिली. पुढे खुद्द हरिप्रसाद नेदरलंड्समधील रॉटरडॅमच्या संगीतविद्यालयात शिकवू लागले. एन. राजम् यांनी व्हायोलिनवर गायकी अंग आणले आणि त्याच वेळी बनारस हिंदू विद्यापीठात दीर्घकाळ वर्गही घेतले; दिल्ली विद्यापीठात देबू चौधरी सतार शिकवीत. युरोपातही याहून निराळे दिसत नाही. लाइपझिगचे संगीतविद्यालय १८४३ साली मेंडेलसोनने काढले; क्लारा शुमान, जिच्या पियानोवादनाची साऱ्या खंडभर ख्याती होती, ती १८७८ पासून फ्रँकफुर्टला शिकवीत असे; आणि बेला बार्तोक १९०७ पासून बुडापेस्टच्या अकादमीत पियानोचा अध्यापक होता. त्याने नवशिक्यांपासून चढत्या क्रमाने १५३ छोट्या रचनांचे ‘मिक्रोकॉसमॉस’ हे सहा खंड रचले, ते काही मैफली मिळेनात म्हणून नव्हे.

परंतु थोरांची नावे घेतली की समोरचा माणूस मान डोलावतो आणि मत बदलत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून एक लहानसा प्रसंग सांगतो.

तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी होता. हात असा, की यमनचा झाला सुरू झाला म्हणजे शेजारच्या खोलीतले तबलेवाले ठेका थांबवून ऐकत. पाठाच्या तासाला त्याच्यापुढे दहा वर्षांची एक मुलगी बसवली. मसीतखानी गतीचे बोल तिला मुखोद्गत होते. ‘दिर दा दिर दा रा, दा दा रा’, बाराव्या मात्रेवरून उठायचे आणि ‘रा’ संपताच समेच्या ‘दा’वर यायचे, हे ती मांडीवर टाळी देऊन बिनचूक म्हणून दाखवी, पण सतार हाती घेतली की ‘दिर’ लंगडे पडे. एका मात्रेत दोन आघात, त्यातला आत येणारा ‘दा’ ठणठणीत आणि बाहेर जाणारा ‘रा’ तारेवर नुसता खरडल्यासारखा. आमचे कलावंत म्हणाले, ‘‘असं वाजव,’’ आणि वाजवून दाखवले. तिने वाजवले. ‘‘तसं नाही, असं.’’ पुन्हा तेच. पाचव्यांदा ‘‘असं’’ म्हटल्यावर पोर रडकुंडीला येऊन म्हणाली, ‘‘दादा, तसंच तर वाजवतेय!’’

आणि तिच्या दृष्टीने ते खरे होते. तिने जे पाहिले ते सारे केले. जे पाहायचे होते ते तिला कोणी सांगितलेच नव्हते, कारण सांगणाऱ्याला ते स्वतःला ठाऊक नव्हते. मी त्या मुलाला म्हटले, ‘‘अतिविलंबित लयीत नुसते दा-रा वाजव, आणि तारेकडे पाहू नकोस, स्वतःच्या अंगठ्याकडे पाहा.’’ त्याने पाहिले. उजव्या हाताचा अंगठा दांडीच्या कडेला, शेवटच्या पडद्याजवळ, खुंटी ठोकावी तसा रोवलेला होता. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग भोपळ्यावर विसावलेला. हलत होती ती केवळ नखी घातलेली तर्जनी. मुलीचा अंगठा मात्र प्रत्येक ‘रा’बरोबर सुटत होता आणि त्यापाठोपाठ सबंध पंजाच बाहेर जात होता. दोष सापडल्यावर उपाय दोन मिनिटांचा: अंगठा रोव, ‘दा’ विसर, वीस वेळा नुसता ‘रा’ वाजव. पंधराव्या वेळी तार बोलली. मुलगी हसली, आमच्या कलावंतांचा चेहरा मात्र पडला होता.

त्याचे कारण मला दोन आठवड्यांनी कळले. झाल्यात चिकारीवर पडतो तो हाच ‘रा’. आणि स्वतःचा हात निरखू लागल्यावर त्याला असे आढळून आले, की विशिष्ट लयीच्या पुढे त्याचाही अंगठा किंचित उचलला जातो आणि चिकारी पातळ होते. बारा वर्षे रियाज करूनही जो दोष त्याला दिसला नव्हता तो एका दहा वर्षांच्या मुलीने दाखवून दिला. तयार हात आपल्या पायऱ्या विसरलेला असतो. तो तयार असण्याचा अर्थच तो आहे. त्या पायऱ्या पुन्हा मोजायला लावणारा दुसरा उपाय, शिकवण्याखेरीज, मला अद्याप सापडलेला नाही. म्हणून अध्यापन आणि वादन ही एकाच सनदेत असतात.

या गैरसमजाला अगदीच आधार नाही असे मात्र मी म्हणणार नाही. मैफल जमली नाही, आकाशवाणीच्या चाचणीत नाव आले नाही, म्हणून ‘सतार-तबला-गिटार शिकवले जाईल’ अशी पाटी लावणारे प्रत्येक पेठेत आहेत, आणि त्यांच्या हाती वाया गेलेले हात नीट करण्यात माझी अर्धी हयात गेली आहे. परंतु विचार केला तर ही फिर्याद शिकवण्याविरुद्ध नसून, न शिकता शिकवण्याविरुद्ध आहे. ज्याला वाजवता आले नाही त्याला शिकवताही येत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. आणि अध्यापनाच्या भागातून सूट मागणारे पालक नेमकी हीच जमात वाढवीत असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम चाळून पाहावेत: रूढ मार्गाने न आलेल्या संगीत कलावंतास महाविद्यालयात अध्यापक नेमायचे तर त्याने नामांकित गुरूकडे शिक्षण घेतलेले असावे, तो आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘अ’ श्रेणीचा कलावंत असावा, एवढ्यावर ते थांबत नाहीत; विषय तर्कशुद्ध रीतीने समजावून सांगण्याची क्षमताही त्याच्या अंगी असली पाहिजे, अशी अट ते घालतात. सरकारी कागदावर इतके शहाणपण क्वचितच उतरते.

उरलेले गैरसमज किरकोळ आहेत, ते झटपट निकालात काढतो. ‘विशारद’ झाला म्हणजे पदवीधर झाला, असे नव्हे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचे मोल मोठे आहे, परंतु पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या कायद्याने विद्यापीठांना आणि तसा खास अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे, तेव्हा समकक्षतेची खातरजमा जिथे अर्ज करायचा तिथेच करावी. घराण्यात जन्म लागतो म्हणणाऱ्यांनी हरिप्रसादांचे वडील पहिलवान होते हे लक्षात ठेवावे. शास्त्र हे न वाजवणाऱ्यांचे काम, असे जे सांगतात त्यांना हे ठाऊक नसते, की खुद्द भातखंडे तारुण्यात सतार शिकले होते. पेटी परकी, म्हणून तिच्या शिक्षणाला प्रतिष्ठा नाही, हा समज आकाशवाणीने १९४० पासून तीन दशके घातलेल्या बंदीचा अवशेष आहे; बंदी उठली, समज उरला. संगीताचे विद्यालयीन शिक्षण हे अलीकडचे खूळ म्हणावे तर मौलाबक्षांची गायनशाळा बडोद्यास सयाजीरावांच्या आश्रयाने १८८६ मध्ये निघाली आणि पलुस्करांचे गांधर्व महाविद्यालय लाहोरला १९०१ मध्ये. आणि पदवी मिळाली की नोकरी मिळते हा भ्रम असेल, तर तो प्रवेशाच्या आधीच सोडावा: महाविद्यालयासाठी पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि नेट किंवा सेट, शाळेसाठी बी. एड., आणि मैफलीसाठी यांतले काहीच नाही.

चहा संपल्यावर त्या सद्गृहस्थांनी अर्ज पुढे केला. अध्यापनातून सूट मागणारी ओळ पेन्सिलीने लिहिलेली होती. ती त्यांनी खोडली की नाही हे मी मुद्दाम पाहिले नाही. उठता उठता त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, कलकत्त्याहून नवी सतार मागवावी लागेल काय? मी मुलाची सतार पाहिली. मिरजेची, वीस वर्षे जुनी, भोपळा निकोप, तरफा साऱ्या शाबूत. फक्त घोडीवर तारांनी चरे पाडले होते आणि बाजाची तार भुणभुणत होती. ‘‘नवी कशाला?’’ मी म्हटले, ‘‘मिरजेला जाऊन जवारी काढून आणा. आणि जाताना मुलाला बरोबर न्या, कशी काढतात ते त्याला बघू द्या.’’