भीतीचे भांडवल

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर हे करमाळा तालुक्यातील गाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे गाव म्हणून. त्यांचा ‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला आणि मुलीने स्वतःच्या मनाने जोडलेल्या नात्याची किंमत आपला समाज कशी वसूल करतो, हे त्याने घरोघर पोहोचविले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि उजनीच्या पाण्यावर ऊस आणि केळी पिकविणाऱ्या या पट्ट्यात आज जी मुलगी नववी-दहावीत शिकत आहे, ती या दोहोंच्या मधोमध उभी आहे. जगाशी बोलण्याचे साधन तिच्या हाती आले; तिने कोणाशी बोलावे यावरचा पहारा मात्र उठला नाही.

ग्रामीण भागातील बहुसंख्य मुलींच्या हाती मोबाइल आला तो २०२० साली, शाळा बंद पडल्या तेव्हा, आणि तोही अभ्यासाच्या निमित्ताने. तो बहुधा तिचा नव्हताच. वडिलांचा किंवा भावाचा होता. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण देशात ५७.१ टक्के, तर स्त्रियांचे ३३.३ टक्के आढळले होते. उसन्या यंत्रावर वावरणाऱ्या मुलीने स्वतःच्या युक्त्या शोधून काढल्या. ती इन्स्टाग्रामवर स्वतःच्या चेहऱ्याऐवजी फुलाचे चित्र लावते, आडनाव गाळते, खाते ओळखीच्यांपुरते बंद ठेवते, अनोळखी माणसाला परस्पर अडविते आणि फोन परत देण्यापूर्वी संभाषण पुसून टाकते. मुलींना धोका कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या युक्त्या एकदा पाहाव्यात. त्यांत अज्ञान नाही, सावधपणा आहे. मात्र हा सावधपणा जितका परक्यांपासून आहे, तितकाच घरच्यांपासूनही आहे, आणि खरी अडचण नेमकी तेथेच सुरू होते.

धोके काल्पनिक नाहीत. मैत्रिणीच्या नावाने उघडलेल्या खोट्या खात्यावरून ओळख वाढविली जाते, एखादे छायाचित्र मिळविले जाते आणि मग ‘आणखी पाठव, नाहीतर हे तुझ्या वडिलांना दाखवितो’ अशी धमकी येते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी तर मुलीने काहीही न पाठविता, शाळेच्या स्नेहसंमेलनातील साध्या छायाचित्रावरूनही अश्लील चित्र बनविता येते. परंतु या व्यवहारात धमकी देणाऱ्याजवळचे खरे भांडवल कोणते, याचा विचार आपण केला आहे काय? ते छायाचित्र नव्हे. ‘घरी कळले तर माझी शाळा बंद होईल’ ही मुलीची भीती, हेच ते भांडवल होय. आणि ते त्याला पुरविले आहे आपणच.

ही भीती निराधार असती, तर तिची समजूत घालता आली असती. पण वरील पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न वयाच्या अठराव्या वर्षापूर्वीच झालेले होते. सोलापूर जिल्ह्यातील प्रमाण तर राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक होते. मुलीविषयी चार लोकांत कुजबुज होणे हे शाळा सोडविण्यास आणि स्थळ पाहण्यास पुरेसे कारण मानणारी घरे आजही आहेत. मुलगी हे लहानपणापासून पाहत असते. म्हणून त्रास देणाऱ्याचे सहन करणे आणि घरी सांगणे यांतून निवड करण्याची वेळ आली, की ती सहन करणे पत्करते. एकाने छळले याचा दंड तिलाच होणार असेल, तर तिने तक्रार करावी तरी कशी?

यावर अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे बंदी. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज या गावाने २०१६ साली अविवाहित मुलींना मोबाइल वापरण्यास मनाई केली होती. मुलग्यांच्या हातचे मोबाइल मात्र त्या गावाला खटकले नाहीत. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली निराळा मार्ग धरला. तेथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाइल बाजूला ठेवले जात. बापाचाही, मुलाचाही आणि मुलीचाही. दोन्ही ठिकाणी हेतू शिस्तीचाच होता. परंतु जी शिस्त केवळ मुलीला लागू होते, तिला मुलगी शिक्षा समजते. जी सर्वांना लागू होते, तिला ती घराची रीत मानते. शिक्षेपासून माणूस लपतो. घराच्या रीतीपासून लपण्याचे कारण पडत नाही.

पालकांची काळजी खोटी आहे, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. ज्या कंपन्या हा व्यवहार चालवितात, त्यांना आपल्या माध्यमाचा मुलींवरील परिणाम माहीत होता. फेसबुकमधील माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी २०२१ साली उघड केलेल्या अंतर्गत कागदपत्रांतून, स्वतःच्या शरीराविषयी आधीच खिन्न असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी ३२ टक्के मुलींना इन्स्टाग्राममुळे अधिकच वाईट वाटल्याची नोंद बाहेर आली. ऑस्ट्रेलियाने तर सोळा वर्षांखालील मुलांना अशा माध्यमांवर खाते ठेवू न देण्याचा कायदा २०२४ मध्ये संमत करून १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. त्या कायद्यातील एक गोष्ट आपण घेण्याजोगी आहे. त्यात दंडाची तरतूद आहे ती कंपन्यांना. मुलांना किंवा त्यांच्या पालकांना नव्हे.

आपल्या देशातही कायदा मुलीच्या बाजूने आहे, पण तो ठाऊक फार थोड्यांना आहे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या कायद्यात, म्हणजे ‘पॉक्सो’त, लैंगिक हेतूने मुलीचे खरे वा बनावट चित्र प्रसिद्ध करण्याची धमकी हाही गुन्हा आहे. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तेथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाविना नोंदवावा, असे त्यात सांगितले आहे. तिची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. ‘टेक इट डाउन’ या विनाशुल्क सेवेकडे प्रत्यक्ष छायाचित्र पाठवावेही लागत नाही. त्याची केवळ सांकेतिक खूण पाठवून सहभागी माध्यमांवरून ते काढून टाकण्याची विनंती करता येते. अशा वेळी पैसे देऊ नयेत आणि घाबरून संदेश पुसूनही टाकू नयेत. तेच पुढे पुरावा ठरतात.

येथे शिक्षकांची जबाबदारी विशेष आहे. असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना खबर देणे याच कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले असून, ती न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. म्हणून एखादी मुलगी वर्गाबाहेर थांबून ‘बाई, कोणाला सांगू नका’ म्हणाली, तर तसे वचन देणे सोपे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. मात्र दुसरे वचन शिक्षकाला देता येते आणि ते अधिक मोलाचे आहे: ‘तुझ्या घरी मी स्वतः येईन आणि तुझी शाळा थांबू नये म्हणून तुझ्या आईवडिलांशी बोलेन.’ असे शिक्षक जेथे आहेत, तेथे मुली बोलतात.

खेड्यापाड्यांतील मुलगी शाळेत यावी म्हणून या राज्याने अहिल्याबाई होळकर यांच्या नावाने एस.टी.चा मोफत पास दिला. वाटेत कोणी छेड काढली, तर आपण त्या माणसाला धरावे. मुलीचा पास काढून घेऊ नये, हे आता पुष्कळांना पटते. मोबाइलची वाटही तशीच आहे. प्रत्येक आईबापाने आपल्या मुलीला एक वाक्य आजच, काही घडण्यापूर्वीच, सांगून ठेवावे: ‘काहीही झाले तरी मला सांग; सांगितलेस म्हणून तुझी शाळा सुटणार नाही.’ हे वाक्य ज्या घरात खरे असते, तेथे धमकी देणाऱ्याच्या हाती उरते ते केवळ एक छायाचित्र. त्याचा बंदोबस्त करायला कायदा आहे. मुलीच्या मनातील भीतीचा बंदोबस्त घरानेच करावयाचा आहे.