विरजण शेजारचं, दही आपलं

वर्डप्रेस फुकट मिळतं, मग त्याला जोडायच्या प्रोग्रॅमचे पैसे घ्यायचे का? आमच्या सेलूकडच्या बचत गटात सध्या हाच वाद आहे. गटातल्या एका बीएस्सी झालेल्या सुनेनं गटाच्या वेबसाइटसाठी छोटं प्लगइन लिहिलं. पापड, शेवया, काळ्या मसाल्याची मागणी त्यात मराठीतून नोंदवता येते, उधारीही कळते. आता जिंतूर-मानवतचे गट ते मागताहेत. ती हजार रुपये म्हणते. एक जण म्हणाली, "फुकटच्या जिवावर पैसे कसे घेतेस?" दुसरी म्हणाली, "घे, पण कुणाला नक्कल करू देऊ नकोस."

मैत्रिणींनो, दोघींचंही चुकतंय. आणि पोरीचे कष्ट अडकलेत म्हणून हे लिहितेय.

२००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी सुरू केलेल्या वर्डप्रेसला 'जीपीएल' परवाना आहे. पैसे घ्यायला तो आडकाठी करत नाही. अट वेगळीच आहे. ज्याला प्रोग्रॅम द्याल त्याला मूळ कोडही द्यायचा, आणि तो बदलायची, वाटायची, अगदी विकायचीही मोकळीक द्यायची. विरजणासारखंच की! शेजारणीच्या विरजणाचं दही खुशाल विकावं, पण 'याचं पुन्हा विरजण लावू नको' असं गिऱ्हाइकाला बजावता येत नाही. नुसतं आपल्याच गटात वापरलं, तर कोणाला काही द्यायला नको.

पण जोडणीलाही हा नियम लागतो का? वर्डप्रेसवाले म्हणतात, लागतो. ती आमच्याच कोडवर उभी असते. २०१० साली 'थीसिस' या विकाऊ थीमवरून जाहीर भांडण झालं. ती करणारे ख्रिस पिअरसन आधी ऐकेनात. शेवटी त्यांनी पीएचपी कोड जीपीएलखाली दिला, चित्रं आणि सजावट स्वतःकडे ठेवली. प्रकरण कोर्टात गेलंच नाही.

माझं मत विचाराल तर तिनं हजार रुपये जरूर घ्यावेत. बसवून देणं, शिकवणं, वर्षभर दुरुस्ती हे काय फुकट होतं? नक्कल करणारा ते थोडंच करून देणार! सोबत परवान्याची फाइल ठेवावी आणि कोडवर आपलं नाव घालावं. वेबसाइटच्या पत्त्यात मात्र 'वर्डप्रेस' हे नाव घालू नये, तो ट्रेडमार्क आहे.

सगळे परवाने इतके कडक नसतात. लिबरऑफिसच्या 'एमपीएल'मध्ये मूळ फाइलींतले बदल खुले करावे लागतात. आपल्या वेगळ्या फाइलींत लिहिलेली जोडणी आपल्या अटींवर विकता येते. मुंबईच्या 'एक टाइप'चे मुक्त आणि मोदक हे देवनागरी फॉन्ट 'ओपन फॉन्ट लायसन्स'खाली आहेत. ते मसाल्याच्या पाकिटावर छापा, विकाऊ प्रोग्रॅमसोबत द्या, चालतं. फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही.