ओढायची ताकद वाढली, धरायची नाही



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर-ट्रक गॅरेजला लागतात. कुणी डिझेल पंप वाढवून घेतो, कुणी टर्बो बसवतो, कुणी सायलेन्सर मोकळा करतो. "आता दोन ट्रॉल्या हसत ओढतोय बघा," असे कौतुकाने सांगितले जाते. चढाला ते खरेही असेल. पण पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या डोंगरी भागातून भरलेला ऊस उतारानेही आणावा लागतो. तिथे प्रश्न ओढायचा नसतो, धरायचा असतो.

पेट्रोल इंजिनात पाय काढला की हवेची वाट झडपेने आवळली जाते आणि गाडी अडते. डिझेल इंजिनात ही वाट बहुधा मोकळीच. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलते. अडवणूक उरते ती मुख्यतः घर्षणाची आणि हवा आत-बाहेर करण्याच्या श्रमाची. पंप वाढवून तीत भर पडत नाही, कारण पाय काढून उतरताना पंप डिझेल तोडतो. टर्बोचा दाबही तेव्हा पडलेला असतो.

ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतो. तो धुराची वाट कोंडतो आणि पिस्टनला त्या कोंडलेल्या हवेशी झगडायला लावतो. यासाठी सिलिंडरात पोटभर हवा यावी लागते. एअर फिल्टर तुंबला किंवा पाइपाचा जोड फुटला की त्याचा जोर कमी होतो. धूर मोकळा करताना ती झडपच काढली, तर हा ब्रेक गेलाच म्हणायचा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकना आणि १ जानेवारी २०२३ पासूनच्या ५० हॉर्सपॉवरवरील ट्रॅक्टरना धुराचे नियम कडक आहेत. त्यासाठी बसवलेली धूर फिरवणारी झडप बंद केली, तरी उताराला काही मिळत नाही. धुराचा फिल्टर काढला, तर होती ती थोडी अडवणूकही घटते.

आता हिशेब पाहू. गाडी व ऊस मिळून २० टन, २० फुटांना १ फूट उतार, ताशी १० किलोमीटर वेग. एवढ्यात उतार गाडीला सुमारे ३७ हॉर्सपॉवरने ढकलतो. चाकांच्या घर्षणात थोडे जाते, बाकीचे इंजिन आणि ब्रेकने सोसायचे. वेग निम्मा केला की हा भार निम्मा होतो. खालच्या गिअरमुळे इंजिनाचे फेरे मात्र तेवढेच राहतात. म्हणून ते गाडी धरू शकते.

तेव्हा उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, मध्येच बदलू नये. ट्रॅक्टरची दोन्ही ब्रेक पेडले जोडून ठेवावीत, नाहीतर एकच चाक धरून गाडी फिरते. ट्रॉलीला ब्रेक नसेल तर ती मागून रेटून ट्रॅक्टर आडवा करते. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: गिअरमध्ये पाय काढला की डिझेल तुटते, न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहते.

गॅरेजला पैसे घालायचेच असतील, तर आधी ट्रॉलीच्या ब्रेकला घालावेत. ऊस गव्हाणीत पडायचा आहे, ओढ्यात नव्हे.