‘त्याने’चं ‘हिम’ होतं तेव्हा

‘शी वॉन्ट्स हिम टू रिटर्न हर ब्रदर्स बुक.’ आठ शब्दांचं हे साधं वाक्य. मराठीत आपण म्हणू, ‘त्याने तिच्या भावाचं पुस्तक परत करावं, असं तिला वाटतं.’ अर्थ तोच राहिला, पण दोन्ही माणसांची रूपं बदलली. इंग्रजीत ‘शी’ कर्त्याच्या रूपात पहिल्या जागी बसली आहे; मराठीत तिची ‘तिला’ झाली आणि ती वाक्याच्या शेवटाकडे गेली. इंग्रजीतला ‘हिम’ कर्माच्या रूपात आहे. मराठीत तोच ‘त्याने’ होऊन पुढे आला. म्हणून मराठीत विचार करून इंग्रजी बोलू लागलं की ‘शी वॉन्ट्स दॅट ही शुड रिटर्न’ असं तोंडात येतं. मराठीतला ‘त्याने’ मनात कर्ता असतो, म्हणून ‘ही’ येतो. ‘असं’ला जुळणारं काही हवं, म्हणून ‘दॅट’ येतं. ही चूक अज्ञानातून होत नाही, मराठीची घडण नेमकी पाळल्यामुळे होते. शिकवणाऱ्याने आधी हे ओळखलं तर पुढचं काम सोपं होतं.

मग इंग्रजी काय करते? ‘वॉन्ट’ला कर्म लागतं. त्या जागी ‘हिम’ बसतो आणि जागेप्रमाणे त्याला कर्माचं रूप मिळतं. पण पुस्तक परत करणाराही तोच आहे. म्हणजे रूप एका क्रियापदाने ठरवलं आणि काम दुसऱ्या क्रियापदाचं. ‘परत करणारा तोच, तर ‘ही’ का नाही?’ हा प्रश्न मुलं विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. इंग्रजीत ‘आय, ही, शी, वुई, दे’ ही रूपं काळ दाखवणाऱ्या क्रियापदाच्या सोबतीने येतात. ‘ही रिटर्न्स’, ‘ही रिटर्न्ड’ इथे काळ दिसतो. ‘टू रिटर्न’मध्ये काळ नाही, पुरुष नाही, वचन नाही, म्हणून त्याच्या आधी ‘ही’ टिकत नाही. याच कारणाने मागच्या क्रियापदाचा काळ बदलला तरी ‘टू’नंतरचं मूळ रूप हलत नाही: ‘शी वॉन्टेड हिम टू गो’. इथे ‘टू वेंट’ कधीच होत नाही.

आता ‘वॉन्ट’ बाजूला ठेवून ‘टेल’ घेऊ. ‘शी टोल्ड हिम टू कम’, मराठीत ‘तिने त्याला यायला सांगितलं’. ‘हिम’च्या जागी ‘त्याला’, ‘टू कम’च्या जागी ‘यायला’. क्रियापद आपल्याकडे शेवटी जातं तेवढं सोडलं, तर दोन्ही वाक्यं एकमेकांवर ठेवावीत इतकी जुळतात. यात योगायोगापेक्षा थोडं जास्त आहे. आपलं ‘यायला’, ‘करायला’ हे ‘यावयाला’, ‘करावयाला’ यांतून आलेलं, आणि त्यातला ‘ला’ हा ‘त्याला’मधलाच ‘ला’. इंग्रजीतलं हे ‘टू’सुद्धा मुळात दिशा दाखवणारंच, जुन्या इंग्रजीत ते क्रियापदाच्या चतुर्थीतल्या रूपाआधी येई. आणि ‘हिम’ हेही त्या भाषेत चतुर्थीचं रूप होतं. द्वितीयेचं रूप वेगळं होतं, ते पुढे मागे पडलं आणि दोन्ही कामं ‘हिम’कडे आली.

म्हणून माझं ठाम मत आहे की मराठी मुलांना ही रचना ‘वॉन्ट’पासून शिकवू नये, ‘टेल’पासून शिकवावी. ‘तिने मला पोहायला शिकवलं’, ‘त्यांनी आम्हाला थांबायला सांगितलं’, ‘पोलिसांनी त्यांना मागे फिरायला भाग पाडलं’: अशी वाक्यं मुलांच्या जिभेवर आधीपासून आहेत. ‘टीच’, ‘आस्क’, ‘फोर्स’ त्यांत बसवली की ‘मी टू स्विम’, ‘अस टू वेट’, ‘देम टू टर्न बॅक’ आपोआप येतात. हात बसला की मग ‘वॉन्ट’कडे यावं आणि सांगावं की इथे मराठी वेगळ्या वाटेने जाते, पण इंग्रजीचा साचा तोच आहे.

साचा तोच असला तरी आतला अर्थ मात्र तोच नाही. ‘टेल’मध्ये ‘हिम’ खरोखर ऐकणारा माणूस असतो. ‘वॉन्ट’मध्ये तिला तो माणूस नको आहे, त्याच्याकडून एक गोष्ट व्हायला हवी आहे. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी अशा वाक्यात ‘हिम’ आणि ‘टू रिटर्न’ ही जोडी मिळूनच कर्म मानली; कर्ता-क्रिया अशा जोडीला त्यांनी ‘नेक्सस’ हे नाव दिलं. मराठीतही हा फरक पारखता येतो. ‘पाऊस पडावा असं मला वाटतं’ हे सहज बोलतो, पण ‘मी पावसाला पडायला सांगितलं’ हे गोष्टीतच शोभेल. इंग्रजीतही ‘आय वॉन्ट इट टू रेन’ चालतं, ‘आय टोल्ड इट टू रेन’ चालत नाही.

याच साच्यातल्या ‘लेट’ आणि ‘मेक’ यांना मात्र ‘टू’ लागत नाही. ‘शी लेट हिम गो’ म्हणजे ‘जाऊ दिलं’. ‘शी मेड हिम रीड’ म्हणजे ‘वाचायला लावलं’. ‘जाऊ दिलं’मध्ये आपल्याकडेही ‘ला’ गळतो, म्हणून ‘लेट’ लवकर लक्षात राहतं. ‘लावलं’मध्ये तो राहतो, आणि म्हणूनच ‘मेड हिम टू रीड’ असं ऐकू येतं. ‘हेल्प’ दोन्ही पद्धतींनी चालतं.

खरी अडचण पुढे आहे. ‘मी त्याला जायला सुचवलं’ हे मराठीत ठीक, पण ‘आय सजेस्टेड हिम टू गो’ इंग्रजीत चालत नाही. तिथे ‘सजेस्टेड दॅट ही शुड गो’ हवं. ‘सांगणे’साठी ‘टेल’ घेतलं तर ‘हिम टू कम’ येतं, ‘से’ घेतलं तर येत नाही. अर्थ जवळजवळ सारखा, साचा वेगळा. यामागे एकच सरसकट नियम नाही; कोणतं क्रियापद कोणता साचा घेतं, हे त्या क्रियापदाबरोबरच शिकावं लागतं. ए. एस. हॉर्नबी यांना हे जपानमध्ये इंग्रजी शिकवताना लख्ख दिसलं. १९४२ साली जपानमध्ये निघालेल्या त्यांच्या कोशात क्रियापदांचे असे साचे नोंदवले होते. तोच कोश ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढला आणि पुढे ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून तो आपल्या शाळा-कॉलेजांतही पोचला. अशा कोशात क्रियापदाशेजारी साच्याची छोटी खूण असते. मुलं अर्थ पाहून पान उलटतात. त्या खुणेपाशी त्यांना थांबवायला हवं.

आता वाक्याचा शेवट, ‘हर ब्रदर्स बुक’. इथे मराठी माणसाला दिलासा आहे, कारण शब्दक्रम आपलाच. ‘तिच्या भावाच्या मित्राचं पुस्तक’ म्हणजे ‘हर ब्रदर्स फ्रेंड्स बुक’. कितीही लांबवा, क्रम मोडत नाही. ‘अमित आणि नेहाचं घर’ यात आपण प्रत्यय शेवटच्या नावाला लावतो, इंग्रजीही ‘अमित अँड नेहाज हाउस’ म्हणते. निर्जीव वस्तूंसाठी मात्र बहुधा ‘ऑफ’ येतं आणि क्रम उलटतो: ‘टेबलाचा पाय’ हा ‘द लेग ऑफ द टेबल’. ‘माझा एक मित्र’ हाही असाच उलटून ‘अ फ्रेंड ऑफ माइन’ होतो, ‘माय वन फ्रेंड’ होत नाही.

चुका ‘हिज’ आणि ‘हर’मध्ये जास्त होतात. ‘त्याची बहीण’, ‘तिचा भाऊ’ यांत मराठी दोन गोष्टी सांगते: ‘त्या’ किंवा ‘ति’ यावरून मालक कळतो, ‘ची’ किंवा ‘चा’ यावरून मालकीच्या माणसाचं किंवा वस्तूचं लिंग. इंग्रजी फक्त मालक पाहते. ‘त्याची बहीण’मधली ‘ची’ कानात राहिली की ‘हर सिस्टर’ निघून जातं. शिवाय ‘हर’ म्हणजे ‘तिला’ही आणि ‘तिचा’ही. ‘आय आस्क्ड हर टू ब्रिंग हर बुक’ यातला पहिला ‘हर’ क्रियापदानंतर एकटा उभा आहे, दुसऱ्यानंतर लगेच नाम आहे. ओळखायचं ते यावरून.

आणि ‘आपला’ला इंग्रजीत जोड नाही. ‘महेश टोल्ड सुरेश टू रिटर्न हिज ब्रदर्स बुक’ यात भाऊ महेशचा, सुरेशचा की तिसऱ्याच कुणाचा? मराठीत ‘आपल्या भावाचं पुस्तक परत करायला सांगितलं’ म्हटलं तर निदान तिसरा माणूस बाजूला होतो, महेश-सुरेश हा घोळ तरीही उरतो. इंग्रजीत ‘हिज ओन’ लिहूनही तो घोळ सुटत नाही. पत्रात किंवा अर्जात घोटाळा परवडणार नसेल, तर सर्वनाम सोडून सरळ नाव लिहावं: ‘महेश टोल्ड सुरेश टू रिटर्न द बुक दॅट बिलाँग्ज टू महेशेस ब्रदर.’ वाक्य लांबतं, पण पुस्तक योग्य घरी जातं.