सोफ्याला साजेसं चित्र

पुतण्याच्या बाणेरच्या नव्या घरात पाच तुकड्यांत कापलेलं वारली चित्र लागलंय. तारपा वाजवणारा एका तुकड्यात, नाचणारे उरलेल्या चारांत. मागची भूमी गेरूची नाही, राखाडी. सोफा राखाडी आहे ना! इंटिरियरवाल्या बाईंनी दिवाणखान्याला 'ट्रायबल थीम' दिली, असं कौतुकानं सांगण्यात आलं. ज्या कलेत सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढतात, त्यात पालघट देवीला बसवतात, आणि जी गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी कागदावर आणून जगभर नेली, तिची ही वासलात.

आपल्या भिंतींचा इतिहास मोठा आहे. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती, मग चित्रकार मुळगावकर-दलालांच्या देखण्या बायका, मग धबधब्याचं पोस्टर आणि त्याखाली इंग्रजी सुविचार. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मला त्यात फारसा रस नाही.

नव्वदचं दशक मात्र माझं. शनिवारी बँक अर्धा दिवस. फोर्टातून चालत जहांगीर आर्ट गॅलरीत जायचं, आधी आतली प्रदर्शनं, मग बाहेरच्या फुटपाथवरचे चित्रकार. आत चित्राशेजारी लाल टिकली दिसली की ते विकलं गेलं. आपल्याला आवडलेल्या चित्राला टिकली दिसली की चुटपुट लागायची, आणि परवडणारं नव्हतंच हे आठवून थोडं बरंही वाटायचं. मग तिथल्याच 'समोवार' उपाहारगृहात चहा. आगगाडीच्या डब्यासारखी ती लांबोडकी जागा. शेजारच्या टेबलावर दाढीवाले चित्रकार कुणाला तरी 'घाट-देवळंवाला' म्हणून हिणवत असायचे. मला तेच घाट आवडायचे. गोदाकाठचं एक जलरंगचित्र मी हप्त्यानं घेतलं, आणि त्या दाढ्यांपैकी कुणाचंही मत विचारलं नाही.

प्रभाकर बर्व्यांचं चित्र घेण्याची ऐपत नव्हती, पण 1990 साली आलेलं त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक घेतलं. चित्रातली मोकळी जागासुद्धा बघायची असते, हे तिथे कळलं. 1995 मध्ये बर्वे गेले.

चित्र घरी आलं की खरं काम सुरू व्हायचं. पश्चिमेची भिंत बाद, उन्हानं रंग उडतो. बाहेरची भिंतही बाद, पावसाळ्यात ओल येते आणि जलरंगाच्या कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके धरतात. काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट हवा. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत एवढ्या अटी पाळणारी भिंत एकच होती, तिथे गोदरेजचं कपाट होतं. कपाट हललं. "एवढ्या पैशांत मिक्सर आला असता," असं म्हणणाऱ्या मेव्हण्यांकडे आज भिंतभर सात घोडे धावताहेत, वास्तूसाठी. कुणी काढले, त्यांना ठाऊक नाही.

मग 2002 साली न्यूयॉर्कच्या लिलावात तय्यब मेहतांचं 'सेलिब्रेशन' सुमारे दीड कोटी रुपयांना गेलं आणि लोक विचारू लागले, "हा चित्रकार किती वाढेल?" मेहतांना ते पैसे पूर्वीच मिळायला हवे होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण गॅलऱ्यांत भाव सांगताना आमच्यासारख्याच्या चपलांकडे बघायची रीत तेव्हा पडली. 2008 च्या मंदीत गुंतवणूकवाले पळाले. हप्तेवाले मात्र परत बोलावले गेले नाहीत. 2015 च्या मार्चअखेर अर्धशतक चाललेलं 'समोवार'ही बंद झालं.

आता चित्र ऑनलाइन शोधायचं, तेही खोली, रंग आणि मापाच्या रकान्यांतून. चित्रकाराच्या नावाचा रकाना असलाच तर शेवटी.

गेल्या महिन्यात जहांगीरबाहेर एक जोडपं मोबाइलवर पडद्याचा फोटो दाखवून फुटपाथवरच्या पोराला विचारत होतं, "हेच चित्र या निळ्यात मिळेल का?" तो म्हणाला, "मिळेल, मंगळवारी या." त्याच्यावर काय रागवायचं, त्याला खोलीचं भाडं भरायचंय. त्या जोडप्यावर मात्र मी अजून रागावलेलो आहे.