रुसव्याला समजूत, चिडीला न्याय

जनाबाई विठ्ठलावर रागावते तेव्हा तिला नेमके काय झालेले असते? ही गंगाखेडची, गोदाकाठची लेक. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली, नामदेवांच्या घरची दासी म्हणून राबली आणि राबता राबता अभंग रचत गेली. सातशे वर्षे झाली तरी ते अभंग नामदेवांच्या गाथेत वाचायला मिळतात. त्यांत ती देवाशी अरेतुरेने बोलते, त्याला दळणकांडणाला जुंपते आणि बिनसले की शिव्याही हासडते. याला क्रोध म्हणावे, तर क्रोध दुर्वासाला शोभतो, जनाबाईला नाही. रुसवा म्हणावे, तर रुसलेले माणूस तोंड फिरवून गप्प बसते, आणि ही तर तोंड सोडते. संताप म्हणावे, तर संतापात माया उरत नाही, इथे ती ओसंडते आहे. शेवटी आपण 'हक्काचा राग' असे दोन शब्द जोडतो, तेव्हा कुठे जनाबाई हाती लागते.

शाळेत हाच प्रश्न एका ओळीत उरकतो. समानार्थी शब्द लिहा : राग. उत्तर : क्रोध, कोप, संताप. बरोबरची खूण मिळते आणि पोर पुढच्या प्रश्नाकडे वळते. पण हेच शब्द वाक्यात आलटून पालटून बसवा, म्हणजे खरी मौज सुरू होते. 'देवीचा कोप झाला' हे ठीक. 'सासूबाईंचा कोप झाला' म्हटले की बोलणारी थट्टा करते आहे हे सगळ्यांना कळते. लेकरू रुसते, क्षुब्ध होत नाही. जमाव क्षुब्ध होतो, रुसत नाही. अन्यायाची चीड येते, अन्यायाचा रुसवा येत नाही. अर्थ खरोखरच समान असता, तर एक शब्द काढून दुसरा घालताना वाक्य असे अडून बसले नसते.

ते अडते, कारण यातल्या प्रत्येक शब्दाच्या पोटात एक अख्खा प्रसंग आहे. रुसायला समोर आपले माणूस लागते आणि ते समजूत काढायला येणार याची खात्री लागते. अनोळखी माणसावर कोणी रुसत नाही. लग्नघरात जावई रुसतो, कारण सगळे घर आपल्याला मनवायला धावणार हे त्याला पक्के ठाऊक असते. चिडीचे नेमके उलटे. कधी न पाहिलेल्या माणसाबद्दलही चीड येते आणि समजूत काढायला गेले की ती वाढते. तिला न्याय हवा असतो. त्रागा आणखी निराळा. त्यात राग दुसऱ्याचा आणि मारा स्वतःवर. पुढ्यातले ताट सरकवून उपाशी उठणारा माणूस त्रागा करत असतो. आपल्या उपाशीपणाने समोरच्याला बोचावे, एवढाच त्याचा हिशेब. डूख धरणारा मात्र वरून शांत दिसतो, आणि म्हणूनच त्याची भीती वाटते.

परभणीकडे याच घरातला एक शब्द फार चालतो : कावणे. "बाप लई कावलाय, आता काही बोलू नकोस." कावण्यात अर्धा राग असतो आणि अर्धी दमणूक. कापसाची गाडी घेऊन दिवसभर रांगेत उभा राहिलेला माणूस रात्री घरी येऊन लेकरावर खेकसतो, तो कावलेला असतो. त्याला त्या घडीला समजूत नको असते, न्यायाचे बोलणेही नको असते. आधी पाण्याचा तांब्या हवा असतो, मग भाकरी.

या शब्दांची खरी नवलाई मला इथे दिसते. भावनांचे समानार्थी शब्द म्हणजे कमी राग, जास्त राग, फार राग अशा पायऱ्या असतील असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक शब्द वेगळा इलाज सांगतो. रुसव्याला समजूत, चिडीला न्याय, कावलेल्याला विसावा. त्राग्यापुढे थोडी सबुरी, आणि डूख धरणाऱ्यापासून सावधगिरी. नाव चुकले की इलाज चुकतो. चिडलेल्या माणसाला रुसलेला समजून गोड बोलायला गेलेल्यांची काय गत होते, ती घराघरांत ठाऊक आहे.

हेच काळजीच्या शब्दांतही दिसते, आणि ते बघायला परभणी जिल्ह्यात जूनसारखा महिना नाही. रोहिणी सरत येते, ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. काळ्या जमिनी नांगरून, वखरून तयार असतात. सोयाबीनच्या, कापसाच्या बियाण्याच्या पिशव्या घरात येऊन पडलेल्या असतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका, असे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ सांगत असतात. तरी एखादा पाऊस पडतो, जमीन वरवर ओली होते, शेजारच्याची तिफण चालू झालेली दिसते आणि आपलाही धीर सुटतो.

आता शब्द मोजा. आभाळ भरून येते तोवर असते ती आस. पेरून झाल्यावर उगवेल की नाही, ही धाकधूक. तिला निकालाची एक तारीख असते आणि कोंब वर आले की ती संपते. कोंब आले आणि पावसाने दडी मारली, की जिवाला घोर लागतो. घोराला तारीख नसते, तो रात्री अंथरुणातही सोबत असतो. दुबार पेरणीचे बियाणे कोणत्या पैशाने आणायचे हा विचार आला की धास्ती बसते. धास्तीत मनातली आपत्ती अगदी ठळक दिसत असते. रोपे माना टाकू लागली की तळमळ, कारण डोळ्यांपुढे सगळे घडते आहे आणि हातात काही नाही. 'चार दिवस थांबलो असतो तर' ही रुखरुख. आणि हे सगळे पाहणाऱ्या गावकऱ्यांना वाटते ती हळहळ. एकच शेत, एकच महिना, आणि मराठीने त्या काळजीचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे नाव दिले. धाकधूक पुढचे पाहते, तळमळ आत्ताचे, रुखरुख मागचे. हळहळ बहुतेक दुसऱ्यासाठी असते. क्रियापदांना काळ असतात हे व्याकरणात शिकवतात. भावनांच्या नामांनाही काळ असतात, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणखी एक गंमत पाहा. धाकधूक, तळमळ, तगमग, हळहळ, रुखरुख, हुरहूर, चुटपुट, घालमेल, चरफड, धुसफूस. सगळे जोडशब्द, सगळे हलते. उच्चारतानाच आत काहीतरी इकडून तिकडे होते आहे असे वाटते. आता उलट बाजूचे शब्द घ्या : शांती, समाधान, तृप्ती, निवांतपणा. इथे असे हलणारे जोडशब्द जवळपास सापडतच नाहीत. मन अस्वस्थ झाले की शब्द डोलू लागतो, मन ठरले की शब्दही ठरतो. हे कोणी बसून ठरवलेले नाही. पिढ्यान्पिढ्यांच्या जिभांनी ते घडवले.

शब्द अपुरे पडले, की मराठी माणूस अंगाकडे वळतो. पोटात गोळा येतो, काळजात चर्र होते, ऊर भरून येतो, हातपाय गळतात, जीव भांड्यात पडतो. 'काळजी' हा शब्दच काळजातून आलेला. फिनलंडच्या संशोधकांनी ७०१ लोकांना माणसाच्या चित्रावर रंग भरायला सांगितले होते : अमुक भावना झाली की अंगात कुठे जागे वाटते, कुठे मंद वाटते? फिनलंड, स्वीडन आणि तैवान इथल्या लोकांचे हे नकाशे २०१४ साली छापले गेले आणि ते एकमेकांशी बरेच जुळले. रागाचा रंग डोके, छाती आणि हातांवर उमटला. खिन्नतेत हातपाय मंद पडलेले दिसले. हातपाय गाळून बसणे म्हणजे काय, हे ज्याला मराठी येते त्याला या नकाशात नवे काय वाटणार!

हा भावनांचा हिशेब आपल्याकडे जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भाव, तेहतीस व्यभिचारी भाव आणि आठ सात्त्विक भाव, असे एकूण ४९ भाव मोजले आहेत. घाम, कंप, रोमांच, अश्रू ही अंगावर उमटणारी लक्षणे त्यांतच येतात. मनातले लपवण्यालाही तिथे स्वतंत्र नाव आहे, अवहित्था. पण संस्कृतातून मराठीत येताना शब्दांनी वाटेत कूस बदलली. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम. ते प्रेम 'अनुराग'मध्ये उरले आणि नुसता राग मराठीत लालबुंद झाला. नाट्यशास्त्रातला 'त्रास' म्हणजे अचानक दचकवणारी भीती, आपल्याकडे तो दाढदुखीपासून शेजाऱ्यापर्यंत कशाचाही होतो. 'माया' तिकडे भ्रम, इकडे लेकरांवरचा जीव. 'लोभ' तिकडे षड्रिपूंतला एक, आणि आपण पत्राच्या शेवटी लिहितो, लोभ असावा.

परभणीच्या बोलीला दुसरीकडूनही पाणी मिळाले. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता; कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती, बाजारात दखनी कानावर पडत होती. नाराज, बेचैन, हैराण, बेजार, फिकीर, उमेद हे शब्द मराठीत सगळीकडेच आहेत, पण इथे ते पाहुण्यासारखे कधी वावरले नाहीत. त्यांतही 'हौस' पाहा. अरबीतल्या 'हवस'मधून आलेला हा शब्द. तिकडे त्याला वासनेचा वास, आणि इकडे हौसेने नातवाला अंगडेटोपडे शिवले जाते. 'दिलगीर' म्हणजे मुळात दुःखी, उदास मनाचा; आपण त्याला कचेरीत नोकरीला लावले. 'तसदीबद्दल दिलगीर आहोत' हे वाचून कोणालाही उदास वाटत नाही.

एवढे शब्द शिकून होते काय? मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूचे चित्रण चालू असताना लोकांना रागावलेले, भ्यालेले चेहरे दाखवले. कधी त्या चेहऱ्याला भावनेचे नाव द्यायला सांगितले, कधी नुसते बाईचे की पुरुषाचे नाव शोभेल ते निवडायला सांगितले. भावनेचे नाव दिले तेव्हा मेंदूतला अमिग्डला हा भाग कमी खवळला. लिसा फेल्डमन बॅरेट या मानसशास्त्रज्ञ हाच धागा पुढे नेतात : ज्यांना आपल्या भावनांत बारीक फरक करता येतो, ते त्या भावना अधिक बऱ्या तऱ्हेने निभावतात. नुसते 'वाईट वाटतेय' म्हणणाऱ्याला पुढचे पाऊल सुचत नाही. 'रुखरुख लागलीय' म्हणणाऱ्याला राहून गेलेले काम दिसू लागते.

हे वाचले की 'टेन्शन' या शब्दाचे खरे वजन कळते. आज परीक्षेचे टेन्शन असते, पावसाचे असते, कर्जाचे असते, मुलीच्या लग्नाचे असते. धाकधूक, घोर, धास्ती, तळमळ, रुखरुख या सगळ्यांच्या जागी एकच शब्द येऊन बसला. तो सोयीचा आहे, पण इलाज सांगत नाही. परीक्षेच्या धाकधुकीला निकालाचा दिवस पुरतो. कर्जाच्या घोराला तो पुरत नाही. दोन्हींना टेन्शन म्हटले, की ऐकणारा दोन्हींना सारखेच उत्तर देतो : "टेन्शन घेऊ नको."

मराठवाड्यात हा प्रश्न भाषेपुरता नाही. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या १४ जिल्ह्यांत राज्य शासनाने २०१५ पासून प्रेरणा प्रकल्प सुरू केला आणि आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन मनाची विचारपूस करू लागली. मराठवाड्याचे जिल्हे त्यात आले. तिच्या कागदावर 'नैराश्य' असते. पण बांधावर बसलेला माणूस नैराश्य आले असे म्हणत नाही. तो म्हणतो, "कशात मन लागंना." म्हणतो, "जिवाला घोर लागलाय." कधी म्हणतो, "आता काही राम राहिला नाही." यातले पहिले वाक्य थकव्याचेही असू शकते, दुसरे काळजीचे आहे, तिसरे ऐकल्यावर मात्र त्या माणसाला एकटे सोडू नये. असा फरक ज्या कानाला कळतो, तो कान औषधाच्या आधी कामाला येतो.

म्हणून समानार्थी शब्द पाठ करायचे असतील, तर वहीत दोनऐवजी तीन रकाने आखावेत. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात त्याचा समानार्थी, आणि तिसऱ्यात 'मग काय करायचे?' पहिले दोन शब्दकोशातून भरता येतील. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश त्यासाठी सात विभाग पसरून बसलेला आहेच. तिसरा रकाना मात्र माणसांतूनच भरावा लागतो. आणि ज्या दोन शब्दांपुढे तिथे अगदी एकच उत्तर येईल, तेवढेच खरे समानार्थी म्हणावेत. भावनांच्या बाबतीत अशी जोडी मला तरी अजून सापडलेली नाही.